हातचा एक

ज्या आल्बमवर लोकांनी पीएचडी केल्या, तो मला फारसा आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दुसरी बाजू बावीस मिनिटांची, सलग एकच गाणं, त्याचे सात भाग, मधे चार मिनिटं नुसता ऑर्गन. माझ्या मते गाणं भाजी चिरता चिरता संपायला हवं. हे संपेपर्यंत भाजी शिजते, जेवणं होतात आणि भांडीही घासून होतात. तरी पन्नास वर्षं लोक ते ऐकतायत, आणि ज्यांचे आईबाप तेव्हा शाळेत होते तेही ऐकतायत.

आल्बमचं नाव ‘वजाबाकी’. ऑर्गन वाजवणारा आणि सगळं रचणारा माणूस आधी शाळेत गणित शिकवायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. गाण्यात एक घर आहे आणि त्यातून एकेक माणूस कमी होत जातं. तेराव्या मिनिटाला गायक म्हणतो, ‘आणि टेबलाशी एक कमी’, आणि त्या ओळीपाठोपाठ ड्रमचा एक ठोका गायब होतो. तोवर ठेका अकरा मात्रांचा चालू असतो. तिथे, एकदाच, दहाच मात्रा येतात. अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसं पोटात धस्स होतं.

त्या एका ठोक्याने आल्बम अजरामर झाला. एका प्राध्यापकाने त्यावर चाळीस पानं लिहिली, ‘अनुपस्थितीचा ताल’ की असंच काहीसं. ड्रम शिकवणाऱ्या शाळांमध्ये तो ठोका गाळायला शिकवतात. म्हणजे फी घेऊन न वाजवायला शिकवतात. नवरा गेलेल्या एका बाईने पत्र लिहिलं होतं की सकाळी दोन कप काढल्यावर मला जे होतं, ते तुमच्या त्या दहा मात्रांत आहे. ड्रमर कसला तयारीचा, कसला हळवा, अशी सगळीकडे वाहवा झाली.

तो ड्रमर माझा थोरला भाऊ. आणि तो ठोका त्याने गाळलाच नव्हता. तो मी कापला होता, चुकून, ब्लेडने.

जगाला हे माहीत नसलं तर बिघडत नव्हतं. जगाला बऱ्याच गोष्टी माहीत नसतात. पण हे दादालाही माहीत नव्हतं. त्याची पक्की समजूत होती की तिथे तो स्वतः चुकला, आणि त्या चुकीपायी त्याने वाजवणं सोडलं. त्यानंतर तो एकदाही ड्रमला बसला नाही, असंच मी धरून चालले होते. त्याने मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायाखालचा ब्रेक आपल्या पायाने दाबला.

आता हे झालं कसं, ते सांगते.

मी स्टुडिओत टेप कापायचं काम करायचे. तेव्हा गाणं कॉम्प्युटरवर जुळवत नसत. एकच भाग पाच-सहा वेळा वाजवून घ्यायचे. प्रत्येक वेळेला टेक म्हणायचं. मग या टेकचा चांगला तुकडा, त्या टेकचा चांगला तुकडा, असे खरेच कापून चिकटपट्टीने जोडायचे. टेप हाताने पुढे-मागे सरकवायची, ठोका जिथे सुरू होतो तिथे पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, खाचेत टेप बसवायची आणि तिरपा छेद द्यायचा. माझा हात चांगला होता, उगाच विनय कशाला. बँडवाले मला ‘कात्री’ म्हणायचे. मी आयुष्यात टेपला कात्री लावली नाही, पण नावं ठेवणाऱ्याला कामातलं काय कळतं?

कुठे कापायचं याची चिठ्ठी मला दादा लिहून द्यायचा. नेहमी दादाच. याला कारण होतं, पण ते कारण तेव्हा मला माहीत नव्हतं. मास्तर मोजायचा शून्यापासून. शून्य, एक, दोन, असं करत त्याच्या अकरा मात्रा दहावर संपायच्या. कुणी टोकलं तर म्हणायचा, “मूल जन्मल्या जन्मल्या एक वर्षाचं असतं का? मग पहिली मात्रा एक कशी?” असल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. बँडमधल्यांनी ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. दादा मास्तरचे आकडे ऐकायचा, मनात एक मिळवायचा आणि मला माणसांत चालणारे आकडे लिहून द्यायचा. माझ्यापर्यंत मास्तरचं शून्य कधी पोचलंच नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी दादा दाढ काढायला गेला. आठवडाभर गाल सुजला होता. दाढ दुखत असतानाच त्याने तो सगळा भाग वाजवला होता. एकच जोड राहिला होता आणि टेप कारखान्याला न्यायला गाडी खाली उभी होती. मास्तरने जाता जाता माझ्या टेबलावर चिठ्ठी टाकली: ‘टेक ३, १० पर्यंत. मग टेक ५.’ मी मोजलं. एक, दोन, तीन, दहा. खूण केली, कापलं, जोडलं. अकरावी मात्रा टेबलावर पडली, वीतभर टेप. बाकीच्या कातरणासकट मी ती टोपलीत टाकली.

जोड ऐकून पाहिला नाही का, असं कुणीही विचारेल. पाहिला. धस्सही झालं. पण त्या गाण्यात कुठे सात मात्रा, कुठे पाच, कुठे साडेतीन. तिथे धस्स होण्याला काय किंमत? मला वाटलं, मास्तरला असंच हवं असेल. गाडीवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला होता. मी डबा बंद करून दिला.

रेकॉर्ड छापून आली तेव्हा सगळे स्टुडिओत ऐकायला बसले. तेरावं मिनिट आलं आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. मास्तरने सुई उचलून तो भाग पुन्हा लावला. पुन्हा तेच. तो दादाकडे वळून म्हणाला, “इथे तू घाई केलीस रे.” ओरडला नाही, नुसतं म्हणाला. आपण चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते त्याला आठवायचं कारणच नव्हतं. त्याच्या लेखी त्याने बरोबर लिहिलं होतं. दादाने गालावर हात ठेवला आणि म्हणाला, “दाढेमुळे झालं असेल.” मीही काही बोलले नाही. तेव्हा मलाही वाटलं की टेक पाच सुरू करताना घाई दादानेच केली असणार, कारण मी तर चिठ्ठीप्रमाणे कापलं होतं. इथवर माझा दोष नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

मग कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. ‘टेबलाशी एक कमी’ आणि तिथेच ठोका कमी, हे एका लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं. त्याने लिहिलं, मग दुसऱ्याने लिहिलं, आणि बँड दौऱ्यावर निघेपर्यंत लोक तेवढ्या जागेची वाट बघत बसू लागले. मास्तर दादाला म्हणाला, आता प्रत्येक कार्यक्रमात तिथे दहाच वाजवायचे. म्हणजे रोज, हजारो लोकांसमोर, दादाने आपली चूक जशीच्या तशी पुन्हा करायची आणि त्या चुकीला टाळ्या घ्यायच्या. त्याने सत्तर कार्यक्रम केले. दौरा संपल्यावर म्हणाला, “मला आता माझे हात ऐकू येत नाहीत,” आणि बँड सोडला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, शिखरावर असताना निवृत्ती. दादाला मुलाखती नकोशा वाटायच्या; लोक म्हणाले, काय हा विनय!

मला खरं कळलं ते पुढच्या वर्षी. मास्तर दुसऱ्या कुणाचं तरी रेकॉर्डिंग करून घ्यायला आला होता आणि एका गिटारवाल्याला तेच जन्मलेल्या मुलाचं सांगत होता. मी शेजारी टेप गुंडाळत होते. माझे हात थांबले. संध्याकाळी गोदामात जाऊन ‘वजाबाकी’चा डबा उघडला. चिठ्ठी आत होती. दहा पर्यंत. मी शून्यापासून मोजून पाहिलं आणि चिठ्ठी परत डब्यात ठेवली.

शाळेत वजाबाकी करताना शेजारच्या घरातून हातचा एक घ्यायचो आपण. मी तो दादाच्या घरातून घेतला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मूग गिळून बसलेला.

का बोलले नाही? आधी नोकरीची भीती वाटली. तेव्हा त्या खात्यात मी एकटीच बाई होते आणि माझी चूक म्हणजे बायकांचीच चूक ठरली असती. नंतर वाटलं, दादाची जगात कीर्ती झालीय ती या एका ठोक्यावर. तीच काढून घ्यायची का? शिवाय ड्रायव्हिंग स्कूल बरं चाललं होतं. आपण गप्प बसायचं ठरवलं की कारणं रांगेत उभी राहतात.

यंदा आल्बमला पन्नास वर्षं झाली. कंपनीने नवी आवृत्ती काढायची ठरवली आणि मला फोन केला, कारण जुने डबे वाचू शकेल असं जिवंत माणूस मीच उरले होते. मास्तर जाऊन अकरा वर्षं झालीत. गायक आहे, पण त्याला काल काय जेवला तेही आठवत नाही. स्टुडिओ आता एका दवाखान्याच्या तळघरात आहे. जिना उतरताना वर दाताच्या मशीनचा आवाज येतो. तिथली इंजिनिअर चाळिशीची, चष्मा डोक्यावर ढकलून बसणारी बाई. कामाला चोख. तिने माझ्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या. एक, टेक तीनची कापाकापीच्या आधी काढून ठेवलेली प्रत. अशी प्रत असल्याचं मलाही ठाऊक नव्हतं. दुसरी, ती चिठ्ठी.

तिने प्रत लावली. दादा वाजवत होता. ओळ आली, आणि मागोमाग दहावी, अकरावी, मग पुढची पहिली, अगदी जागच्या जागी. दुखऱ्या दाढेसकट.

“म्हणजे ड्रमरने अकराच वाजवल्या होत्या,” ती म्हणाली. “आणि चिठ्ठीत स्पष्ट दहा लिहिलंय. मास्तरांनी मुद्दामच कापायला लावलं ना? कसला डोकेबाज माणूस! हे पुस्तिकेत पहिल्या पानावर घेऊ.”

खरं सांगते, मला हायसं वाटलं. न मागता सुटका होत होती. दादाच्या माथ्यावरची चूक जाणार, मास्तर आणखी थोर होणार, आणि माझं नाव कुठेच नाही. मला फक्त मान डोलवायची होती. ती मी डोलवलीसुद्धा, अर्धी. मग डोक्यात आलं की दादा हे वाचेल. मास्तरने स्वतः कापायला लावलं आणि वर मला म्हणाला तू घाई केलीस, असाच अर्थ दादा लावेल. म्हणजे यावेळी संन्याशाच्या जागी मेलेला माणूस.

“नाही,” मी म्हटलं. “ते शून्यापासून मोजायचे.”

तिला त्या कापण्याचं सगळं सांगितलं. तिने चष्मा डोक्यावरून काढून हातात घेतला. “मग पुस्तिकेत काय लिहू?”

“जे झालं तेच. पण दोन दिवस थांबा. आधी मला एका घरी जायचंय.”

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण तो ऐंशीव्या वर्षीही जिन्याने येतो-जातो आणि ते सगळ्यांना सांगतो. मी गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. वहिनीने दार उघडलं.

“अगंबाई, फोन न करता? सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. दादा आहे का?”

“कुठे जाणार? खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांच्या चुका काढतायत.”

दादा खरंच खिडकीत होता. “तो बघ, इंडिकेटर न देता वळला. माझाच विद्यार्थी असणार,” म्हणाला. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. वहिनीने चहा आणला. मी प्रस्तावना करत बसले नाही. मला ती जमतही नाही. चिठ्ठीपासून टोपलीपर्यंत सगळं सांगितलं. मग पिशवीतून इंजिनिअर बाईने दिलेलं छोटं यंत्र काढलं, हेडफोन त्याच्या कानावर चढवला आणि टेक तीन लावला.

त्याने डोळे मिटले नाहीत की काही नाही. खिडकीबाहेर बघत ऐकलं. ओळीपाशी आल्यावर त्याचं बोट गुडघ्यावर पडायला लागलं आणि अकराव्या मात्रेवर थांबलं.

“परत,” तो म्हणाला. मी परत लावलं. असं चार वेळा झालं.

मग हेडफोन काढून वहिनीला म्हणाला, “ऐकलंस का? मी चुकलो नव्हतो.” आवाज नेहमीचाच होता. वहिनी दारात उभी होती, ती पदराने डोळे पुसायला लागली. पन्नास वर्षं त्या घरात तो आल्बम कधी लागला नव्हता, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

“आता ते काय करणार?” दादाने विचारलं. “सुधारून छापणार?”

“तू म्हणशील तसं. दोन्ही ठेवता येतील.”

त्याने थोडा विचार केला. “कापलेलंच पुढे राहू दे. ती पत्रवाली बाई होती ना, कपांची? तिला आता कुठे सांगत बसणार की ते वीतभर टेपचं कातरण होतं. लोकांचं झालंय ते. माझं मागे लावा कुठेतरी, शेवटी.” आणि हसला. “मास्तर आणि त्याचं शून्य! तरी मी त्याला म्हणायचो, हे एक दिवस कुणाला तरी भोवेल.”

मला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं तर मी इतकी वर्षं कशाला जीव मुठीत धरून बसले होते? मी चहा उचलला. तो थंड झाला होता, तरी गोड लागला.

“हे तुला आत्ता कळलं, ना?” दादा म्हणाला. “डबा उघडल्यावर?”

असा प्रश्न येईल हे मला सुचलंच नव्हतं. कापल्याचं सांगायची तयारी करून आले होते. चूक काय, कुणाच्याही हातून होते. हा प्रश्न त्या चुकीबद्दल नव्हता. आणि उत्तर तर त्याने स्वतःच माझ्या हातात आणून ठेवलं होतं. हो म्हटलं की संपलं. इंजिनिअर बाईला कळलं नसतं, वहिनीला कळलं नसतं.

“नाही,” मी म्हटलं. “तू बँड सोडलास त्याच्या पुढच्या वर्षी कळलं.”

खाली कुणीतरी हॉर्न वाजवला. दादाने तिकडे पाहिलं नाही.

“पुढच्या वर्षी,” तो म्हणाला.

“हो.”

“ड्रम मी लगेच विकले नव्हते. माहीत आहे का तुला?”

मला माहीत नव्हतं. दौरा संपला त्याच महिन्यात त्याने ते विकले, अशीच माझी समजूत होती. सगळ्यांचीच होती.

वहिनी म्हणाली, “मागच्या खोलीत होते. चार वर्षं. कुलपात.”

“दुपारी स्कूल बंद असायचं तेव्हा बसायचो,” दादा म्हणाला. “काड्यांना फडकं गुंडाळून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. नुसत्या अकरा मात्रा. दुसरं काही नाही. वाटायचं, हात भरवशाचे झाले की मास्तरला फोन करायचा. तो दरवर्षी विचारायचा, येतोस का म्हणून. एकदाही चुकलो नाही मी. पण मला वाटायचं, तेव्हाही चुकलो नाही असंच वाटलं होतं की. मग भरवसा कशावर ठेवायचा? चौथ्या वर्षी विकून टाकले.”

मला लाज वाटत होती, आणि ती किती वाटतेय हे सांगायला शब्द नव्हते. ते नव्हते तेच बरं, नाहीतर तेही मी त्याच्याच अंगावर टाकले असते. “दादा, मी...” एवढंच म्हटलं.

तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला जमलं असतं; आमच्या घरात सगळे रागावतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात. तो मनात काहीतरी मोजत होता. ओठ हलत होते. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

“त्या चार वर्षांत तू दर रविवारी जेवायला यायचीस इथे.”

“हो.”

“मागची खोली त्या टेबलापासून दहा पावलं आहे,” तो म्हणाला. “पहिलं वर्ष वजा केलं तरी दीडशे रविवार झाले गं ते.”

मी पुन्हा हो म्हटलं.